विहिरीचे अनुदान आणि विहिरीतले पाणी

सायवन परिसरातील शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो, 'नव्या विहिरीला सरकारकडून किती मिळतात?' प्रश्न रास्त आहे. परंतु त्याआधी विचारावा असा दुसरा प्रश्न आहे. विहीर झाल्यावर तिच्यात वैशाखात पाणी राहील काय आणि ते घरातल्या लेकरांना पाजण्याजोगे असेल काय? अनुदानातून खोदाईचा व बांधकामाचा खर्च निघतो. पाणी टिकविणे व स्वच्छ राखणे मात्र मालकाच्याच हाती असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, ते या लेखात पाहू.

पाणी जाते कोठे?

डहाणू-तलासरी भागात वर्षाला २००० मि.मी.च्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. मात्र ते जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेकडील जमीन उताराची, माती उथळ आणि खाली काळा खडक. त्यामुळे पाणी ओहोळातून वाहून जाते व होळीनंतर अनेक विहिरी तळ गाठतात. भातानंतर शेतात काम उरत नाही आणि अनेक कुटुंबांना वीटभट्टीची वाट धरावी लागते. म्हणून विहिरीतले पाणी चार आठवडे जास्त टिकले, तरी त्याचे मोल मोठे आहे.

कोणत्या कामाला अनुदान?

अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. तिच्यात २०२४ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार कमाल अनुदान असे :

१) नवीन विहीर : ४ लाख रुपये
२) जुनी विहीर दुरुस्ती : १ लाख रुपये
३) शेततळ्याचे प्लास्टिक अस्तरीकरण : २ लाख रुपये

या तिन्हींपैकी एकाच बाबीचा लाभ मिळतो. म्हणून निवड विचारपूर्वक करावी. जुन्या विहिरीला झरे चांगले असतील, पण काठ ढासळून गाळ साचला असेल, तर नव्या खोदाईपेक्षा दुरुस्ती हिताची ठरते.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा. जातीचा दाखला, सातबारा, आठ-अ उतारा व आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवावे. नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन व भूजल विभागाचा पाणी उपलब्धतेचा दाखला लागतो. जमीन वनपट्ट्याची असेल, तर अर्जापूर्वीच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना भेटावे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे मंजुरी हाती पडण्यापूर्वी कुदळ मारू नये. कामापूर्वीच्या जागेचे छायाचित्र व मोजमाप लागते. घाईने खोदलेल्या खड्ड्याचा खर्च पदरी पडतो.

पाणी स्वच्छ कसे राहील?

अंदाजपत्रक होतानाच पुढील बाबींचा आग्रह धरावा :

• कठडा किमान अडीच फूट उंच असावा. भोवती तीन फूट रुंदीचा सिमेंटचा ओटा करून त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.
• सांडपाणी चरीने दूर नेऊन केळी किंवा कर्दळीला द्यावे.
• शौचालय, उकिरडा व गोठा विहिरीपासून किमान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगाला असावा.
• फवारणी पंप विहिरीवर किंवा ओहोळात धुऊ नये.

पिण्याच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकताना आधी पाणी मोजावे. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असल्यास ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. ताजी, ३३ टक्के क्लोरीनची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने सुमारे ९५ ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे. तासभर पाणी उपसू नये. म्हणून हे काम रात्री करावे.

ओहोळ राखा, विहीर राखली जाईल

अमेरिकेत ओढ्याकाठची पट्टी पिकाखालून काढून तेथे गवत व झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार खर्चाचा वाटा देते. आपणही ओहोळाच्या काठी दहा फुटांची पट्टी सोडून तिच्यात बांबू, करंज, उंबर लावावेत. मुळे माती धरतात आणि गाळ अडतो. मधमाश्यांना आसरा मिळतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ते अशाच जित्या ओहोळात. पावसाळा सरताच सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून गावाने वनराई बंधारा घातला, तर खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा पाझर मिळतो. या कामाला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

वरकस जमिनीत आंबा, काजू लावायचे असल्यास भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना (२०१८-१९) आहे. कोकणात ०.१० हेक्टरपासून लाभ घेता येतो. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे मिळते. दुसऱ्या व तिसऱ्या हप्त्यासाठी कोरडवाहू बागेत ८० टक्के झाडे जगलेली असावी लागतात. म्हणजे येथेही गाठ पाण्याशीच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले जलकुंड यासाठी उपयोगी पडते. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर खोल खड्ड्याला प्लास्टिकचे अस्तर दिले की ४००० लिटर पाणी मावते. दहा कलमांना आठवड्याला १५ लिटरप्रमाणे २४ आठवडे दिल्यास ३६०० लिटर लागतात. वरून गवताचे आच्छादन घालावे, नाहीतर उन्हाने हिशेब चुकतो.

शेतकरी बंधू-भगिनींनी अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस स्वतःच्या शेतात फिरावे. पाणी कोठून येते, कोठे जाते व कशाने घाण होते, याचा साधा नकाशा काढावा. मग योजना निवडावी. अनुदान एकदाच मिळते, विहीर मात्र नातवंडांना पुरली पाहिजे.