उच्च पर्वतीय पदभ्रमण : श्वासलक्षणांचा विवेक

भोगावतीकाठचे पेण व कुंडलिकाकाठचे रोहा ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून अल्प उंचीवर वसलेली आहेत. येथील तरुण सांकशी, अवचितगड, सुधागड चढून सराव करतात व सुटीत हिमालयातील आठ-दहा दिवसांच्या पदभ्रमणास निघतात. जाण्यापूर्वी ते शक्तीसाठी औषध मागावयास चिकित्सालयात वा औषधालयात येतात. अशा वेळी केवळ बल्य कल्प देऊन त्यांस निरोप देणे पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते.

१) देशविचार
कोकण हा आनूप देश. उंच पर्वतावरील हवा याउलट शीत, रूक्ष व विरळ असते. सुमारे २,५०० मीटरच्या पुढे उंचीचा विकार संभवतो, तर ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजेच आपल्या गडांवरील सरावाने पायांचे बल वाढते, विरळ हवेचे सात्म्य लाभत नाही. बलवान तरुणच वेगाने चढतो, म्हणून त्यासही धोका असतोच.

२) व्यायाममर्यादा
अर्धशक्तीने व्यायाम करावा, हा संहितांचा दंडक येथे अक्षरशः पाळावा. तोंडाने श्वास घ्यावा लागणे हे बलार्धाचे सुश्रुतोक्त लक्षण. ते दिसताच गती कमी करावी. ३,००० मीटरपुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये व तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. विमानाने थेट लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी.

३) श्वासविवेक
आयासाने उत्पन्न होणारा व बसताच शमणारा तो क्षुद्र श्वास. चढावर तो सर्वांसच होतो. मात्र विश्रांतीतही श्वास न शमणे, कोरडा वा फेसयुक्त कास, ओठ निळसर होणे ही फुप्फुसांत पाणी साचल्याची चिन्हे होत. शिरःशूल, हृल्लास, भ्रम व अनिद्रा ही उंचीच्या विकाराची प्रारंभिक लक्षणे. ती असता वर चढू नये. सरळ रेषेत पावलास पाऊल लावून चालता न येणे किंवा असंबद्ध बोलणे हे मेंदूस सूज आल्याचे द्योतक आहे. या दोन्ही अवस्था काही तासांत प्राणघातक ठरू शकतात. त्यांत श्वासहर कल्पांवर विसंबून काल दवडू नये. रुग्णास तत्काळ खाली उतरवणे, प्राणवायू देणे व रुग्णालयात नेणे हीच चिकित्सा होय.

४) औषधयोजना
पादाभ्यंगास तिळतेल, भेगांस कोकमतेल, रूक्ष नासिकेस तेलाचे प्रतिमर्श नस्य व आध्मानास हिंग्वष्टक चूर्ण उपयुक्त आहे. आहार उष्ण, लघु व द्रव असावा. निद्राकर कल्प व मद्य वर्ज्य. आसवारिष्टांतही मद्यांश असतो, याचे स्मरण ठेवावे. ॲसिटाझोलामाइडसारखी आधुनिक औषधे तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. सल्फावर्गीय औषधांची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगावी. हृद्रोग, तमक श्वास, पांडू, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांस व गर्भिणींस तपासणीवाचून अनुमती देऊ नये.

५) औषधालयचालकांस विनंती
वटी व चूर्णे लहान पुड्यांत, नाव व मात्रा लिहून द्यावीत. काचेच्या बाटल्या टाळाव्यात. 'पर्वतविकारावर हमखास' असे सांगून कोणताही कल्प विकू नये. त्या भरवशावर रुग्ण वर थांबून राहिला, तर अनर्थ ओढवतो.

प्रत्येक पदभ्रमण-इच्छुकास एवढे तरी समजावून द्यावे : बसल्यावर श्वास शमला नाही, तर उतरावे. औषध त्यानंतर.