लिलावांतील शहाणपण

लिलावाचा बाजार आतां घरांत आला आहे. जुनीं पुस्तकें, नाणीं, टपालाचीं तिकिटें यांवर दूरदूरचे लोक इंटरनेटवरून बोली लावतात. या बाजारांतील प्रसिद्ध पेढी ई-बे ही पिएर ओमिड्यार यांनीं १९९५ सालीं कॅलिफोर्नियांत सुरू केली. तेथील लिलावाची रीत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगी आहे.

गिऱ्हाइकानें आपली कमाल किंमत एकदांच सांगावी. ती इतरांस दिसत नाहीं, आणि गरजेपुरतीच बोली यंत्र त्याच्या वतीनें चढवीत जातें. समजा, आपण ५० डॉलर सांगितले आणि प्रतिस्पर्ध्याची मर्यादा ३० डॉलर निघाली, तर वस्तु आपणांस सुमारें ३१ डॉलरांतच मिळते. म्हणून खरी मर्यादा सांगण्यांत तोटा नाहीं. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत घेणाऱ्या लिलावाचें हें गणित विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं मांडलें. १९९६ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

मग माणूस फसतो कोठें? वेळ सरत येते, कोणी आपल्यावर बोली चढविल्याची सूचना येते, आणि वस्तु बाजूस राहून ईर्ष्याच बोली लावूं लागते. शिवाय अनेकांच्या अंदाजांत जो सर्वांत चढा तोच जिंकतो, आणि तो पुष्कळदां चुकलेला असतो. यास 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

हा शाप जुना आहे. इ. स. १९३ मध्यें रोमच्या शरीररक्षक सैन्यानें पर्टिनॅक्स बादशहाचा वध करून बादशाहीच लिलावास काढली. प्रतिस्पर्ध्याची बोली दर शिपायामागें २०,००० सेस्टर्सवर असतां डिडियस ज्युलियानस यानें एकदम २५,००० सांगून ती जिंकली. ६६ दिवसांनीं तो मारला गेला.

तेव्हां आम्ही सुचवितों तें इतकेंच. मन शांत असतां, तशाच वस्तु पूर्वीं किती किमतीस गेल्या हें पाहावें. टपालखर्च व जकात हिशेबांत धरावी. विक्रेत्याविषयीं मागील गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचावे. मग आंकडा कागदावर लिहून तोच सांगावा. कोणी तो ओलांडला, तर वस्तु खुशाल जाऊं द्यावी. बोली हें वचन आहे. जिंकल्यावर पैसे दिलेच पाहिजेत.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्याचा दृष्टांत आहे. त्याचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, खर्चाचा हिशेब पाया घालण्यापूर्वीं करावयाचा असतो. बोली चढूं लागल्यावर हिशेबास बसणाऱ्याचा हिशेब दुसरेच लोक करतात.