फ्लोरिडातला कुष्ठरोग

प्रश्न : मुलगा फ्लोरिडात नोकरीला आहे. तिथे कधीही परदेशी न गेलेल्यांनाही कुष्ठरोग झाल्याचे वाचले. त्याला परत बोलावू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुळीच नको. तिथल्या काहींना लागण स्थानिक पातळीवरच झाली, हे खरे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात या रोगाचे जंतू आढळतात. पण प्रत्येक रुग्णाचा त्याच्याशी संबंध सापडत नाही. तरी अख्ख्या अमेरिकेत वर्षाला रुग्ण जेमतेम 200च्या आसपास. सुमारे 95 टक्के माणसांत उपजत प्रतिकारशक्ती असते. हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने हा रोग होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ सहवास लागतो. आर्माडिलोला हात लावू नकोस, एवढे मुलाला सांगा. बधिर चट्टा दिसलाच, तर त्याने विनासंकोच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.