लाइन कोणी तोडली?

1998 साली खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली, तेव्हा आता ग्राहकाची थोडीफार कदर होईल अशी माझी समजूत होती. परंतु जिने जाहिरातीत ‘अमर्याद’ हा शब्द ठळक अक्षरांत छापला, त्याच कंपनीच्या तक्रार-दप्तरातील गृहस्थांनी, माझी डायल-अप जोडणी वारंवार तुटते याचे खापर प्रथम माझ्या घरच्या तारेवर, मग मोडेमवर आणि अखेरीस लिनक्सवर फोडले, आणि तेही ‘‘आधी विंडोज टाका, मग बोला’’ अशा हुकमी स्वरात.

तार मी तपासून घेतली होती, कॉल वेटिंग बंद केले होते. सत्य निघाले ते यंत्राच्या लॉगमध्ये. वाहक स्वर गेला की पीपीपीडी, म्हणजे जोडणी सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम, ‘मोडेम हँगअप’ असे लिहितो. माझ्याकडे मात्र ओळीमागून ओळ ‘एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर’ अशी होती, आणि प्रत्येक नोंदीपूर्वीचा शांततेचा काळ सारखाच होता! पलीकडचा सर्व्हर रीतसर रजा घेऊन जात होता, आणि दोषी मी ठरत होतो. नोंदी वाचून दाखविल्यावर गृहस्थ क्षणभर थांबले, आणि निष्क्रिय जोडणी मुदतीनंतर तोडण्याचा नियम ‘‘करारात असेलच’’ असे म्हणाले. करारात तो नव्हता. मोडेम थोडे नि गिऱ्हाइके फार, म्हणून लाइन मोकळी करावी लागते, हे त्यांनी सरळ सांगितले असते तर माझी तक्रार तिथेच संपली असती.

तेव्हा जोडणी निष्क्रिय दिसू नये म्हणून क्रॉनकडून (ठरल्या वेळी आज्ञा चालविणाऱ्या प्रोग्रामकडून) ठरावीक मिनिटांनी पिंग पाठविण्यापूर्वी लॉग वाचा. केवळ एलसीपी-एकोवर विसंबू नका. लाइन मेली की नाही हे तो सांगतो, पण निष्क्रियतेच्या हिशेबात बहुधा धरला जात नाही. क्रॉनचा पाथ तोकडा असतो, म्हणून आज्ञांचे पूर्ण मार्ग लिहा; हाताने चालविलेली स्क्रिप्ट चालते आणि क्रॉनमधली मुकी राहते, ती बहुधा यामुळेच. एकाच सर्व्हरच्या मौनावरून जोडणी मृत ठरवू नका, कारण काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत, आणि कॉल युनिटवर मोजले जात असतील तर जिवंत लाइन तोडून पुन्हा नंबर फिरविला की मीटरवर नवे युनिट चढते. आधीची स्क्रिप्ट चालू असता दुसरी सुरू होऊ नये, यासाठी लॉक-फाइल ठेवा. पीपीपीडीच्या ‘पर्सिस्ट’ (जोडणी तुटली की पुन्हा जोडा) या पर्यायाबरोबर ‘मॅक्सफेल’ (अपयशी प्रयत्नांची मर्यादा) शून्य, म्हणजे अमर्याद, मुळीच करू नका. खाते बंद पडले तरी मोडेम रात्रभर नंबर फिरवीत राहील, आणि पलीकडे उचललेला प्रत्येक कॉल बिलात येईल.

एका कॉलच्या एकूण कालावधीवरच मर्यादा असेल तर कोणतेही पिंग कामाचे नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी निष्क्रियतेची आणि एकूण कॉलची अशा दोन्ही मुदती विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी खुलासा लेखी मागितला, तो आला नाही. उरलेल्या वर्गणीचे पैसेही परत आले नाहीत.