जंगल कोणाचे? राज्यघटना काय सांगते



अलीकडेच आमच्या आळीच्या समूहसभेत एका काकांनी प्रश्न केला, "आदिवासींना जंगलाच्या जमिनी वाटत सुटलो तर पुढे जंगल उरेल का?" प्रश्न मनापासून विचारलेला होता. त्या संध्याकाळी त्याला पुरेसे उत्तर देता आले नाही, म्हणून आजचा पाठ त्यावर आहे.

मुळात 'वाटणे' हा शब्दच इथे बसत नाही. संसदेने २००६ साली केलेल्या कायद्याच्या नावातच 'वनहक्कांची मान्यता' असे शब्द आहेत. मान्यता द्यायची ती आधीपासून असलेल्या हक्काला. इंग्रज सरकारने १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने जंगले सरकारी ठरवली, आणि तिथे पिढ्यानपिढ्या राहून मध, कंदमुळे, मोहफुले गोळा करणारे लोक कागदावर अतिक्रमणदार झाले. स्वातंत्र्यानंतरही त्यांचे हक्क नोंदवले गेले नाहीत. हा 'ऐतिहासिक अन्याय' होता, अशी कबुली २००६ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. सरकारने आपली चूक कायद्यातच लिहून ठेवावी, असे क्वचितच घडते!

या कायद्याची मुळे राज्यघटनेत आहेत. घटना समितीत आदिवासींची बाजू मांडणारे जयपाल सिंग मुंडा हे १९२८ च्या ऑलिंपिकमधील आपल्या हॉकी संघाचे कप्तान होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. घटनेचे कलम २४४ आणि पाचवी अनुसूची यांनी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील आदिवासी भाग 'अनुसूचित क्षेत्र' म्हणून वेगळे ठेवले. तेथील आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून निर्बंध घालण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. १९९६ च्या 'पेसा' कायद्याने या भागातील ग्रामसभेला महत्त्वाचे अधिकार दिले. पुढच्याच वर्षी 'समता' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अनुसूचित क्षेत्रातील जमीन खुद्द सरकारनेही खासगी खाणवाल्यांना भाड्याने देऊ नये.

आता काकांचा प्रश्न. त्याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या छोट्याशा गोंड गावात पाहायला मिळते. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते. (आपल्या समित्यांना हे जमेल का, कोण जाणे.) हे लोक आपल्या जंगलाची राखण करीत होते, तरी कायद्याच्या दृष्टीने जंगल त्यांचे नव्हते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. पण कागद हाती आला तरी बांबू बाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना वन खात्याकडे. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे त्यावर गावाचा हक्क. उलट १९२७ च्या कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होते! या वादात दोन वर्षे गेली. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. तेव्हापासून गाव आपला बांबू आपणच विकते, आणि जंगल उभे आहे. ज्याला उद्याही त्याच रानातून बांबू न्यायचा आहे, तो आज ते का उजाड करील?

कायदाही नुसते हक्क देत नाही, तर जंगल, वन्यप्राणी व पाणवठे सांभाळण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकतो. वैयक्तिक हक्क जास्तीत जास्त ४ हेक्टरचा, पती-पत्नी दोघांच्या नावे. ही जमीन वारसाने मिळते, पण विकता येत नाही. शिवाय १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट लागते. नंतर झाडे तोडून शेत केले तर हक्क नाही.

ओडिशातील नियमगिरीच्या डोंगराचेही असेच. तेथे बॉक्साइटची खाण काढायची होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले, की ग्रामसभांना विचारा. डोंगरिया कोंध हे लोक त्या डोंगराला देव मानतात. त्या वर्षी १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद १४६) हेच सांगितले आहे: त्यांच्या भूमीवर प्रकल्प आणताना आधी त्यांच्याशीच बोलायला हवे, आणि ते जिथे राहतात तिथे भूमीची काळजी तेच उत्तम घेतात.

सगळे सुरळीत आहे असे मात्र नाही. काही वन्यजीवप्रेमी संस्थांनी कायद्यालाच आव्हान दिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने दावे फेटाळलेल्या कुटुंबांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभरात असे दावे दहा लाखांहून अधिक होते. पंधरा दिवसांत आदेशाला स्थगिती मिळाली, कारण अनेक दावे नीट न तपासताच फेटाळले गेल्याचे पुढे आले. वाघाविषयी त्यांची कळकळ खोटी नव्हती. पण जंगल राखायला माणसे लागतात आणि ती तिथे आधीच राहत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले नाही असे मला वाटते.

आणि आता आपल्या घराजवळचे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके व आपल्या वसई तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. आपल्यापैकी काहीजण तिकडे फार्महाऊससाठी स्वस्त जागा शोधतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ सांगते, की आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकत, गहाण वा भाड्याने घेता येत नाही. विक्रीला तर शासनाचीही पूर्वमंजुरी लागते. नोटरीच्या कागदावर केलेला व्यवहार या परवानगीची जागा घेत नाही. तेव्हा दलाल जागा दाखवायला आला, की आधी सातबारा मागा. खातेदार कोण आहे ते पाहा आणि 'इतर हक्क' हा रकानाही वाचा.