रिकाम्या नळीची साक्ष

हातच्या कांकणास आरसा कशाला, अशी आपल्या भाषेंत म्हण आहे. जी वस्तु डोळ्यांसमोर आहे, तिला दुसऱ्या पुराव्याची गरज नाहीं, हा तिचा अर्थ. परंतु ज्या वस्तु डोळ्यांस मुळींच दिसत नाहींत, त्यांच्याविषयीं खरें काय व खोटें काय, हें कसें ठरवावें? रेणु-जीवशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्रश्न रोजच पडतो. सजीवांच्या पेशींत ‘डीएनए’ नांवाचा जो रेणु असतो, त्याचा ते शोध घेतात. आईबापांचे गुण मुलांत उतरतात, ते याच रेणूच्या द्वारें. त्याचा आकार पीळ दिलेल्या शिडीसारखा असून त्याची जाडी इतकी अल्प असते कीं, अशा पांच लक्ष शिड्या शेजारीं शेजारीं ठेविल्या, तर एक मिलिमीटर रुंदी भरेल. अशी अदृश्य वस्तु हाताळण्याचीं साधनें कोणतीं, आणि त्या साधनांनीं दिलेल्या उत्तरावर विश्वास केव्हां ठेवावा, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा आमचा हेतु आहे.

एक उदाहरण घेऊं. एका गृहस्थास पुष्कळ दिवस खोकला व ताप येत आहे. त्यास क्षय झाला आहे कीं काय, हें डॉक्टरांस जाणावयाचें आहे. त्याच्या बेडक्यांत क्षयाचे जंतु असतील, तर त्या जंतूंचा डीएनएही तेथें असलाच पाहिजे. तो शोधून काढण्यासाठीं प्रथम रसायनांनीं व उष्णतेनें जंतूंचीं कवचें फोडावीं लागतात. येथून पुढें प्रत्येक पायरीस एकेक साधन लागतें.

पहिलें साधन मायक्रोपिपेट. मिलिलिटरचा हजारावा भाग तो मायक्रोलिटर; पाण्याच्या एका सामान्य थेंबांत असे सुमारें पन्नास भरतात. प्रयोगशाळेंत कित्येक वेळां एक दोन मायक्रोलिटरच मोजून घ्यावे लागतात. पूर्वीं कांचेच्या नळींतून द्रव तोंडानें ओढून घेत. त्यांत माप चुके, आणि विष किंवा जंतु तोंडांत जाण्याचें भय असे तें निराळेंच. जर्मनींतील मारबुर्ग येथें हाइनरिख श्निट्गर यांनीं १९५७ सालीं दट्ट्याची पिपेट तयार केली. अंगठ्यानें दट्ट्या दाबून सोडला कीं, ठरलेलें माप नळींत येतें. टोंकाची प्लॅस्टिकची टिप मात्र प्रत्येक नमुन्यास नवी लावावी लागते. हा नियम दिसावयास लहान आहे. त्याचें महत्त्व पुढें कळेल.

दुसरें साधन सेंट्रिफ्यूज. गोफण फिरवितांना आंतील दगड बाहेरच्या बाजूस कशी ओढ घेतो, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. याच तत्त्वावर हें यंत्र लहान नळ्यांस मिनिटास दहा बारा हजार फेरे देतें. त्यामुळें जड गाळ तळाशीं बसतो व हलका द्रव वर राहतो. यंत्रांत समोरासमोर सारख्याच वजनाच्या नळ्या ठेवाव्या लागतात. नाहीं तर तें थरथरूं लागतें व मोडण्याची पाळी येते.

एवढें करून हातीं येणारा डीएनए इतका थोडा असतो कीं, त्यावरून कांहींच कळत नाहीं. म्हणून त्याच्या नकला कराव्या लागतात. ही युक्ति अमेरिकेंतील कॅरी मुलिस यांस १९८३ सालीं सुचली, व तिजबद्दल १९९३ सालीं त्यांस रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. तिला पीसीआर म्हणतात. नळी सुमारें ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविली कीं, शिडीचे दोन्ही खांब सुटे होतात. पन्नास-साठ अंशांपर्यंत निवविली कीं, प्राइमर नांवाचे डीएनएचे लहान तुकडे आपापली नेमकी जागा ओळखून खांबांस चिकटतात. मग ७२ अंशांवर एक एन्झाइम प्रत्येक खांबास जोडीचा खांब बांधून देतें. एका फेरींत एकाचे दोन, दुसरींत दोहोंचे चार. बुद्धिबळाच्या पटावर घराघरास दुप्पट धान्य मागणाऱ्या चतुर मनुष्याची गोष्ट आपण ऐकलीच आहे. तोच हिशेब येथें चालतो. तीस फेऱ्या बिनचूक झाल्या, तर एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक रेणु होतात!

परंतु एवढ्या उष्णतेंत एन्झाइम टिकतें कसें? उकळत्या पाण्यांत अंड्याचा पांढरा भाग गोठतो, त्याप्रमाणें सामान्य एन्झाइमें निकामी होतात. उपयोगी पडलें तें अमेरिकेंतील यलोस्टोन येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूचें एन्झाइम. थॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनीं या जंतूचें वर्णन १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. त्या वेळीं पीसीआरचा जन्मही झालेला नव्हता. केवळ जिज्ञासेनें केलेलें काम पुढें कोणाच्या उपयोगी पडेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

आतां नकला झाल्या. त्या पाहावयाच्या कशा? आपल्या स्वयंपाकघरांत चायना ग्रास म्हणून जो पदार्थ येतो, तो समुद्रशेवाळापासून काढितात. त्यांतीलच शुद्ध केलेला अ‍ॅगरोज पाण्यांत उकळून थापला कीं, खरवसासारखी एक वडी होते. तिला जेल म्हणतात. तिच्या एका कडेच्या खांचांत नमुने भरून विजेचा प्रवाह सोडितात. डीएनएवर ऋण विद्युत् असल्यामुळें तो धन टोंकाकडे सरकूं लागतो. आठवड्याच्या बाजाराच्या गर्दींतून लहान मूल झटकन् पुढें निघून जातें व बोजा घेतलेला हमाल मागें राहतो. तद्वत् आंखूड तुकडे पुढें जातात व लांब तुकडे मागें राहतात. विशेष रंग लावून योग्य प्रकाशांत पाहिलें म्हणजे त्यांचे चमकदार पट्टे दिसतात. शेजारीं ठाऊक लांबीच्या तुकड्यांची रांग ठेविलेली असते. तिच्याशीं ताडून लांबी समजते. हल्लीं पुष्कळ रुग्णालयांत यंत्रेंच नकला करितात, व जेलच्या ऐवजीं नळींतील चमक मोजून उत्तर देतात. तथापि मूळ तत्त्व तेंच.

येथपर्यंत साधनांची थोरवी झाली. परंतु ज्या साधनांत मोठें बळ, त्यांत धोकाही मोठा. जें यंत्र एका रेणूचे कोट्यवधि रेणु करितें, तें चुकून पडलेल्या रेणूचेही तितकेच करणार. कालच्या रोग्याची नळी उघडतांना उडालेला अदृश्य तुषार आजच्या निरोगी मनुष्याच्या नळींत गेला, तरी पट्टा दिसावयाचाच. टिप प्रत्येक वेळीं नवी घ्यावी असें आम्हीं वर सांगितलें, तें याचकरितां. नकला करण्यापूर्वींचें काम एका खोलींत व नंतरचें दुसऱ्या खोलींत करितात, तेंही याचकरितां.

एवढी काळजी घेऊनही सावध अभ्यासक स्वतःवर विश्वास ठेवीत नाहीं. तो आणखी एक नळी भरितो. तींत सर्व द्रव्यें घालितो; फक्त नमुन्याच्या जागीं शुद्ध पाणी घालितो. ही रिकामी नळी. हिच्यांत पट्टा दिसतां कामा नये. दिसलाच, तर बाकीच्या नळ्यांचीं उत्तरें कितीही मनाजोगतीं असोत, त्या दिवसाचें सर्व काम टाकून द्यावें लागतें. तसेंच, जींत क्षयजंतूचा डीएनए असल्याचें ठाऊक आहे, अशीही एक नळी ठेवितात. तींत पट्टा दिसलाच पाहिजे. न दिसला, तर ‘रोग नाहीं’ या निकालास किंमत नाहीं. या दोन साक्षी घेतल्या नाहींत, तर निरोगी मनुष्य सहा सहा महिने विनाकारण औषधें घेईल, आणि खरा रोगी निश्चिंतपणें घरीं जाऊन आपल्या लेंकरांस रोग देईल.

ही भीति काल्पनिक नव्हे. जर्मनींतील हाइलब्रॉन शहरीं २००७ सालच्या एप्रिल महिन्यांत एका तरुण पोलीस स्त्रीचा खून झाला. तिच्या मोटारीवर एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सांपडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्स या देशांत सुमारें चाळीस गुन्ह्यांच्या जागीं आढळला. त्यांत खून होते, तशाच क्षुल्लक चोऱ्याही होत्या. या ‘अदृश्य स्त्री’च्या मागें पोलीस दोन वर्षें लागले. शेवटीं एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवावी, म्हणून त्याच्या जुन्या अर्जावरील बोटांचे ठसे तपासले, तों तेथेंही तीच स्त्री! तेव्हां अधिकाऱ्यांचे डोळे उघडले. २००९ सालीं उलगडा झाला. नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यांत तयार होत, तेथील एका निरपराध कामकरी स्त्रीचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. परंतु जंतु मेले म्हणजे डीएनए नाहींसा होतो, असें नाहीं. सर्वच काड्यांवर हा अंश नव्हता. म्हणून कोऱ्या काड्यांची परीक्षा एकदां करून भागत नाहीं, ती पुष्कळ काड्यांवर व वारंवार करावी लागते. खऱ्या अपराध्यांच्या टोळीचा पत्ता २०११ सालीं लागला. यंत्रें खोटें बोललीं नव्हतीं. काडीवर जें होतें, तेंच त्यांनीं सांगितलें. काडी कोरी आहे, हें मनुष्यांनीं गृहीत धरिलें होतें.

आमच्या विद्यार्थ्यांस हा धडा घरींच गिरवितां येईल. अर्धें पिकलेलें केळें कुसकरून त्यांत अर्धा पेला पाणी, चिमूटभर मीठ व चमचाभर भांडीं घासण्याचा पातळ साबण घालावा. फेंस न करितां हळूहळू ढवळून तें फडक्यांतून गाळावें. मग बर्फांत थंड केलेलें आयसोप्रोपिल अल्कोहोल पेल्याच्या कडेनें हलकेंच वर ओतावें. हा द्रव पेट घेणारा व विषारी आहे. यास्तव वडील मनुष्यास जवळ ठेवावें व विस्तव दूर ठेवावा. कांहीं मिनिटांत दोन थरांच्या मध्यें पांढरे तंतु तरंगूं लागतील. त्यांत केळ्याचा डीएनए असतो. सोबत फळांतील इतर द्रव्येंही थोडीं येतात. आतां दुसरा पेला घ्यावा, व केळें वगळून बाकी सर्व तसेंच करावें. त्यांत तंतु न दिसले, म्हणजे पहिल्या पेल्यांतील तंतु केळ्यापासूनच आले, असें म्हणण्याचा आपणांस अधिकार आला. दुसरा पेला भरावयाचा कंटाळा केला, तर तो अधिकार नाहीं.

प्रयोगाच्या वहींत पुस्तकांतील उत्तराशीं जुळणारा आंकडा लिहून मोकळें होण्याचा मोह कोणत्या विद्यार्थ्यास झाला नसेल? पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी असा चुकलेला आंकडा जसाच्या तसा लिहून घरीं आली, व त्यापायीं एखादा गुण गेला, तर रागावूं नका. आज वहींतील चूक न लपविणारें मूल उद्यां रुग्णालयांतील रिकाम्या नळींत पट्टा दिसला, तर तोही लपविणार नाहीं. त्याच्या त्या प्रामाणिकपणावर कोणा अनोळखी मनुष्याचें आरोग्य अवलंबून असेल.