रात्री वाहनाचा क्रमांक कसा वाचावा?

दिल्लीतील करोल बागेच्या एखाद्या गल्लीत रात्री एक वाहन धडक देऊन निघून जाते. घराच्या दारावरील कॅमेऱ्यात वाहन दिसते. क्रमांक मात्र फराट्यासारखा पुसट उमटतो. असे का व्हावे?

ताशी ३६ किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला १० मीटर जाते. कॅमेरा १/३० सेकंद प्रकाश घेत राहिला, तर तेवढ्यात ते सुमारे ३३ सेंटिमीटर सरकते. १/१००० सेकंदात केवळ १ सेंटिमीटर. मग इतक्या अल्प काळात प्रकाश पुरेल कसा? क्रमांकपट्टीचा परावर्तक पृष्ठभाग कॅमेऱ्याजवळील अवरक्त दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवितो. त्यामुळे क्रमांक उजळतो, पण भोवतालचे दृश्य काळोखात बुडते. म्हणून क्रमांकासाठी एक व दृश्यासाठी दुसरा, असे दोन कॅमेरे योजावेत.